भीमाकाठचा बाण : रेटा, भार व त्वरण यांचा ऐतिहासिक विचार

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे गाव नागनाथाच्या देवस्थानामुळे महाराष्ट्रास सुपरिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र मोहोळ तालुक्याच्या दक्षिण कडेचा भीमाकाठ अधिक महत्त्वाचा वाटावा. या काठावर बेगमपूर हे गाव असून औरंगजेबाच्या कुटुंबातील एका स्त्रीची कबर तेथे असल्याचे सांगतात. नदीच्या पैलतीरी माचणूर, म्हणजेच मोगलांच्या दप्तरातील ब्रह्मपुरी. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाची छावणी येथे होती आणि तिला इस्लामपुरी असे नाव देण्यात आले होते. तत्पूर्वी विजापूरच्या मोहिमेच्या वेळी, १६८५-८६ मध्ये, त्याचा मुक्काम सोलापुरास पडला होता. या छावण्यांबरोबर हत्ती, उंट, तोफा आणि बुणगे जसे आले तसेच बाणही आले. हा बाण धनुष्याचा नव्हे. दारू ठासलेल्या नळीस काठी बांधून, वात पेटवून सोडावयाचा तो अग्निबाण होय. मराठी कागदपत्रांतून व बखरींतून ‘बाण’ व ‘बाणदार’ हे शब्द जेथे तोफा, जेजाला व सुतरनाळा यांच्या पंक्तीस येतात, तेथे बहुधा याच अस्त्राचा निर्देश असतो. दिवाळीच्या दारूकामात ‘बाण’ हा शब्द याच अर्थाने आजही जिवंत आहे.

या अस्त्राविषयी इतिहासलेखकांत दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाच्या मते बाण हे घोडी बुजविण्याचे साधन होते, त्यापलीकडे त्यास लष्करी मूल्य नव्हते. दुसरा पक्ष हिंदी बाणास आधुनिक अग्निबाणाचा साक्षात पूर्वज ठरवून त्याच्या पल्ल्याची व संहारकतेची मोठमोठी वर्णने देतो. दोन्ही पक्ष आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ समकालीनांची वाक्ये उद्धृत करतात, आणि वाक्ये दोन्ही बाजूंस मिळतात हीच अडचण आहे. बाण सोडल्यावर त्याचा वेग कोणत्या मानाने वाढत असेल, हा साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे हे खरे. पण त्याचे उत्तर हाती असल्याशिवाय साक्षीदारांपैकी कोणाचे कितपत मानावे हे ठरविता येत नाही.

प्रथम वस्तूचा विचार करू. अशा बाणांचे दोन म्हैसुरी नमुने इंग्लंडात वुलिच येथील तोफखान्याच्या संग्रहालयात जतन झाले. त्यांपैकी एकाची लोखंडी नळी ५८ मिलिमीटर व्यासाची व २५४ मिलिमीटर लांबीची असून ती चामड्याच्या वाद्यांनी सुमारे एक मीटर लांबीच्या तलवारीच्या पात्यास बांधलेली आहे. दुसऱ्याची नळी ३७ मिलिमीटर व्यासाची व १९८ मिलिमीटर लांबीची. तिला सुमारे १.९ मीटर लांबीची कळकाची काठी आहे. पुढे २०१८ मध्ये कर्नाटकातील नगर या गावी, म्हणजे जुन्या बिदनूर येथे, एका कोरड्या विहिरीत एक हजाराहून अधिक नळ्या एकाच ठिकाणी सापडल्या. त्यांची लांबी साधारणतः याच मापात बसते. तेव्हा बाणाचे आकारमान हा आता तर्काचा विषय राहिलेला नाही. आवरणाच्या बाबतीत मात्र सर्वत्र एकरूपता नव्हती. कागद, कळक व लोखंड ही तिन्ही द्रव्ये निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या कामी वापरली गेली आणि शोरा, गंधक व कोळसा यांचे प्रमाण कारागिराच्या हातावर अवलंबून राहिले.

येथे कालक्रमातील एका योगायोगाची नोंद करण्यासारखी आहे. १६८७ च्या जानेवारीत औरंगजेबाने गोवळकोंड्यास वेढा घातला आणि सप्टेंबरात तो किल्ला पडला. याच वेढ्याच्या ऐन भरात, जुलै महिन्यात, लंडनमध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोवळकोंड्याच्या तटाखाली जे बाण उडत होते त्यांच्या गतीचा नियम त्या ग्रंथात होता. पण तो ग्रंथ या देशातील कोणाही बाणदाराच्या कानावर पुढील शंभर वर्षांत गेला नाही. युरोपातही तो नियम बाणास लावून पाहण्यास कोणाला सव्वाशे वर्षे सवड झाली नाही, हेही तितकेच खरे आहे.

नियम असा की, पदार्थावर कार्य करणाऱ्या निव्वळ बलास त्याच्या वस्तुमानाने भागले असता त्याच्या वेगवाढीचे मान, म्हणजे त्वरण, मिळते. बाणावर मुख्यतः दोन बले असतात. दारू जळून निर्माण झालेला वायू नळीच्या तोंडातून मागे फेकला जातो व त्याची प्रतिक्रिया बाणास पुढे ढकलते, हा रेटा. पृथ्वी बाणास खाली ओढते. हा त्याचा भार. बाण सरळ वर सोडला असेल तर रेट्यातून भार वजा करावा आणि बाकीस वस्तुमानाने भागावे. रेट्याचे माप काढण्यास दर सेकंदास किती दारू जळते आणि वायू किती वेगाने बाहेर पडतो, या दोन संख्यांचा गुणाकार पुरतो. तिसरे बल हवेच्या विरोधाचे असते, परंतु बाण सुटताना वेग अल्प असल्याने आरंभीच्या विचारात ते सोडून दिले तरी चालते.

वुलिचच्या मोठ्या नमुन्याशी जुळेल असा एक बाण कल्पनेने घेऊ. काठीसह एकंदर वस्तुमान २ किलोग्रॅम, त्यात दारू अर्धा किलोग्रॅम, ती जळण्यास २ सेकंद, आणि वायूचा वेग सेकंदास ६०० मीटर. या गृहीत संख्या आहेत. परंतु साध्या दारूच्या गुणधर्मांशी त्या विसंगत नाहीत. सेकंदास पाव किलोग्रॅम दारू जळते म्हणून रेटा १५० न्यूटन. बाणाचा भार १९.६ न्यूटन. बाकी १३०.४ न्यूटनास २ ने भागले असता सुमारे ६५ येतात. म्हणजे आरंभी बाणाचा वेग दर सेकंदास ६५ मीटरांनी वाढतो. हे मान मुक्तपणे पडणाऱ्या दगडाच्या त्वरणाच्या साडेसहापट आहे. दारू जळत जाते तसा बाण हलका होतो, रेटा मात्र तोच राहतो. म्हणून अखेरीस, वस्तुमान दीड किलोग्रॅम उरले असता, त्वरण सुमारे ९० होते.

आता त्याच गणितात एक दुबळा बाण घालून पाहू. आवरण मऊ असले की आतील दाब फार चढू देता येत नाही, नाहीतर नळी फुटते. दाब कमी म्हणून वायूचा वेगही कमी. तो ३५० मीटर मानू. एकंदर वस्तुमान १.८ किलोग्रॅम, त्यात दारू ०.४ किलोग्रॅम व जळण्याचा काळ ३ सेकंद धरला तर रेटा सुमारे ४७ न्यूटन येतो, भार १७.६ न्यूटन, आणि त्वरण अवघे १६. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, रेटा पहिल्या बाणाच्या एकतृतीयांशाहून थोडा कमी झाला, परंतु त्वरण एकचतुर्थांशावर आले. बाणाचा भार जवळजवळ तोच राहिल्याने तुटीचा बोजा सारा बाकीवर पडला. वजाबाकीचा हा स्वभाव हिशेबनिसास नवा नाही. उत्पन्न घटले आणि खर्च कायम राहिला की शिल्लक उत्पन्नाहून अधिक वेगाने घटते.

लोखंडी नळीचे महत्त्व येथे स्पष्ट होते. लोखंड कागदाहून जड, म्हणजे ते भार वाढविणारे. वरवर पाहता ते बाणास मारकच ठरावे. परंतु ते दाब सोसते आणि दाबाने रेटा इतका वाढतो की भारातील वाढ त्यात बुडून जाते. हैदर व टिपू यांच्या कारागिरांनी हे सूत्राने नव्हे, हाताच्या अनुभवाने जाणले होते. त्यांच्या बाणांचा पल्ला सुमारे एक हजार यार्ड होता असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. वरील सबळ बाणाचा पल्ला निर्वात प्रदेशात मोजला तर तो तीन किलोमीटरांच्या आसपास येईल. हवेचा विरोध व काठीचे हेलकावे विचारात घेता त्याचा तिसरा हिस्सा प्रत्यक्षात उरणे संभवनीय आहे. म्हणजे हजार यार्डांची साक्ष गणिताने बाद होत नाही. त्याहून फार मोठ्या पल्ल्याच्या कथा मात्र सावधपणे वाचल्या पाहिजेत.

रणांगणावर बाण सरळ वर कोणी सोडीत नसे, तो तिरका सोडीत. या ठिकाणी गणित अधिक बोलके होते. दोन्ही बाण जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून सोडले असे समजा. सबळ बाणाचा रेटा वस्तुमानाने भागला असता ७५ येतात. त्याचे आडवे व उभे असे दोन समान घटक केले तर प्रत्येकी ५३. उभ्यातून पृथ्वीच्या ओढीचे ९.८ वजा केले की ४३ उरतात. म्हणून बाण ज्या दिशेने प्रत्यक्ष वेग घेतो ती ४५ ऐवजी सुमारे ३९ अंशांची असते. दुबळ्या बाणाचे हेच घटक प्रत्येकी १८ आहेत, उभ्यातून ९.८ गेले की साडेआठ राहतात आणि दिशा एकदम २५ अंशांवर उतरते. शिवाय काठीमुळे बाणाचे तोंड गतीच्या दिशेकडे वळत जाते, त्याबरोबर रेटाही खाली झुकतो, आणि तो झुकला की बाण आणखी खाली येतो. असा बाण थोड्याच अंतरावर जमिनीस लागून, दारू जळत असतानाच, उसळ्या घेत घोड्यांच्या पायांत शिरला तर त्यात नवल नाही.

बर्निये याने १६५८ च्या सामूगढच्या लढाईचे वर्णन करताना काठीस बांधलेल्या या अस्त्राचा उल्लेख केला आहे, आणि त्याने घोडी बुजतात असे नोंदविले आहे. पानिपतच्या तिसऱ्या लढाईची हकीकत लिहिणारा काशीराज पंडित रोहिल्यांच्या बाणांच्या फैरींविषयी सांगताना घोड्यांची दहशत आणि माणसांची हानी अशा दोन्ही गोष्टी नोंदवितो. हे दोन साक्षीदार परस्परविरुद्ध आहेत असे मानण्याचे कारण नाही. एकाच फैरीत सबळ व दुबळे बाण मिसळलेले असणार. दारू ओली, ठासणी सैल, तोंड रुंद, अशा कोणत्याही कारणाने रेटा उतरला की संहारक बाणाचा बुजविणारा बाण होत असे. प्रारंभी सांगितलेले दोन पक्ष एकाच अस्त्राच्या दोन अवस्थांविषयी भांडत आहेत.

बाण उलटून स्वपक्षावर येतो अशीही तक्रार जुन्या वृत्तांतांतून आढळते. तिचेही उत्तर त्वरणात आहे. एक मीटर लांबीच्या आधारावरून ४५ अंशांनी सुटताना सबळ बाण सेकंदास सुमारे १२ मीटर वेग घेऊन बाहेर पडतो, दुबळा अवघ्या ६ मीटर वेगाने. उघड्या माळावरील वारा सेकंदास चार-पाच मीटर सहज असतो. ज्या बाणाचा स्वतःचा वेग वाऱ्याच्या वेगाइतकाच आहे त्याची काठी वारा फिरवितो आणि तोंड वाऱ्याच्या उगमाकडे वळते. पुढचा रेटा मग त्याच चुकीच्या दिशेने काम करू लागतो. भीमाकाठच्या सपाट काळ्या रानात पावसाळ्याच्या तोंडी पश्चिमेचा वारा कसा वाहतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची कल्पना करणे कठीण नाही.

इतके दोष असूनही मराठ्यांनी हे अस्त्र सोडले नाही. त्याचे कारण बाणास तोफ लागत नाही. तोफेचा गोळा नळीतच आपला सारा वेग घेतो, म्हणून नळी जड हवी, गाडा मजबूत हवा आणि मागे बसणारा धक्का सोसण्याची व्यवस्था हवी. बाण आपला वेग वाटेत मिळवितो. सोडणाऱ्यास धक्का नाही, आधारास एक लाकडी टेकण पुरते, आणि उंटाच्या पाठीवर भारा बांधून तो स्वारीबरोबर नेता येतो. चपळ घोडदळाच्या युद्धपद्धतीस यापेक्षा सोयीचे अग्निशस्त्र नव्हते. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर निजामाच्या घोडदळावर नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बाणांचा वर्षाव केला आणि त्याच सुमारास शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तोफा सुरू झाल्या, असे ग्रँट डफने लिहिले आहे. बाणाने फळी विसकटावी आणि तोफेने ती मोडावी, हा योग आकस्मिक असेल असे वाटत नाही. खर्डे मोहोळच्या उत्तरेस, त्याच पठारी मुलखात आहे.

या देशात लोखंड होते, शोरा होता, कुशल हात होते, मापन नव्हते. याविषयी एका इंग्रजाची हकीकत सांगण्यासारखी आहे. बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये तोफगोळ्याचा वेग लंबकाच्या साहाय्याने मोजण्याची युक्ती प्रसिद्ध करून तोफविद्येस गणिताचा पाया दिला. १७४९ मध्ये लंडनच्या एका मोठ्या दारूकामाच्या निमित्ताने बाण किती उंच जातात याची मोजमापे त्याने घेतली व ती रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने त्यास आपला मुख्य अभियंता नेमले. १७५० मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळ फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. बाणाची उंची मोजणारा युरोपातील एक अग्रगण्य गणिती आणि बाणाचे जगातील उत्तम कारागीर अशा रीतीने वर्षभर एकाच द्वीपकल्पात होते. त्यांची गाठ पडली असती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाचा नव्हे; पण तो मनात आल्यावाचून राहत नाही.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसुरी बाण इंग्लंडास गेले. विल्यम काँग्रीव्हने १८०४-०५ पासून वुलिच येथे प्रयोग आरंभिले आणि लोखंडी आवरण, एकजिनसी दारू व यंत्राने ठासणी यांच्या जोरावर पल्ला दोन-तीन हजार यार्डांपर्यंत नेला. त्याच गावच्या लष्करी विद्यालयातील गणिताचा अध्यापक विल्यम मूर याने १८१० पासून लेख लिहून व १८१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून, वस्तुमान क्षणोक्षणी घटत असलेल्या बाणास न्यूटनचा नियम कसा लावावा हे दाखविले. पुढे रशियात त्सिओल्कोव्स्कीने १९०३ मध्ये याच विचाराचे सूत्र अंतराळयात्रेच्या संदर्भात मांडले आणि ते त्याच्या नावाने रूढ झाले. मूरचे नाव मागे पडले, हा न्याय म्हणता येणार नाही.

या सूत्राने वरील दोन बाण पुन्हा पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पृथ्वीची ओढ नसती तर सबळ बाणाने दारू संपेपर्यंत सेकंदास १७३ मीटर वेग मिळविला असता. सरळ वर जाताना २ सेकंदांत ओढीने १९.६ मीटर हिरावले, म्हणजे शेकडा ११. दुबळ्याने ८८ मीटर मिळविले असते. त्याचे ३ सेकंदांत २९.४ मीटर गेले, म्हणजे शेकडा ३३. सावकाश जळणे म्हणजे पृथ्वीस अधिक काळ खंडणी देणे. मात्र त्वरण अल्प असणे हा नेहमीच दोष ठरत नाही. १९६९ मध्ये माणसास चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाचे आरंभीचे त्वरण दोन मीटरांहूनही कमी होते; पण त्याची दारू, म्हणजे इंधन, त्याच्या एकंदर वस्तुमानाचा फार मोठा भाग होती आणि त्याची दिशा वाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. कळकाच्या काठीस ते साधणारे नव्हते.

काँग्रीव्हचे बाण लवकरच या देशात परतले. बंगालच्या फौजेत १८१६ मध्ये स्वतंत्र बाणपथक उभे राहिले, आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेसमोर मद्रासच्या तोफखान्याबरोबर बाणपथक होते. त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, मोहोळ तालुक्यातील आष्टी येथे जनरल स्मिथशी लढताना बापू गोखले पडले व छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. आष्टीची लढाई घोडदळाची होती, तिचा निकाल तलवारीने लागला. परंतु पेशवाईची अखेर होत असता तिच्या लष्करातील एक जुने अस्त्र शत्रूच्या हाती मोजून-मापून सुधारलेल्या रूपात आलेले होते, ही गोष्ट मराठ्यांच्या लष्करी इतिहासात आजवर पुरेशा ठळकपणे मांडली गेलेली नाही.

आवरणाचा प्रश्न पुढेही सुटला नव्हता, त्याने रूप पालटले इतकेच. दाब सोसेल इतके बळकट आणि भार वाढविणार नाही इतके पातळ, ही बिदनूरच्या लोहारापुढची अट विसाव्या शतकातही तीच राहिली. भीमेस मिळणाऱ्या नीरेच्या खोऱ्यात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या वालचंदनगर येथे भारतीय अग्निबाणांची पोलादी आवरणे घडविण्यात आली, आणि पुण्याच्या वसंत गोवारीकरांनी थुंबा येथे घन इंधनाचे तंत्र विकसित केले. १८ जुलै १९८० रोजी ज्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. या क्षेत्रातील आकडे प्रत्येक उड्डाणागणिक नोंदले जातात.

जुन्या बाणाचे आकडे मात्र अजून मिळवावयाचे आहेत आणि ते मिळविण्यासारखे आहेत. नगरच्या विहिरीतील नळ्यांची जाडी, तोंडाचा व्यास व आतील पोकळी मोजली तर लोखंडास सोसवेल असा कमाल दाब काढता येईल. दाबावरून रेटा व रेट्यावरून त्वरण यांची वरची मर्यादा निघेल, आणि या लेखात गृहीत धरलेल्या ६०० मीटरांच्या जागी मोजलेली संख्या बसविता येईल. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दारूकोठारांतून व खासगी संग्रहांतून बाणाच्या नळ्या म्हणून ज्या वस्तू दाखविल्या जातात त्यांचीही अशीच मापे घेतली पाहिजेत. त्यांतील कित्येक केवळ नळाचे तुकडे निघतील; पण जी खरी निघेल तिच्यावरून मराठी बाणाचे त्वरण प्रथमच अनुमानाने नव्हे, मापाने सांगता येईल.